जुन्या ऑटोमॅटिक गाड्या आणि आपले गॅरेज : खोलण्याआधी ओळखा

नागपूर-रायपूर महामार्गावरील लाखनी हे गाव वाहनांच्या धंद्याला नवखे नाही. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग सहा म्हणत आणि आता ज्याला त्रेपन्न क्रमांक मिळाला आहे, त्या रस्त्याने मुंबई-कोलकात्याची मालवाहतूक या गावावरून जाते. टायर, बॅटरी, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, डिझेल पंप, ग्रीस-ऑईल अशी लहानमोठी दुकाने या रस्त्याच्या आधारानेच उभी राहिली. आता उड्डाणपूल झाल्यामुळे लांबचा ट्रक वरून निघून जातो आणि खालच्या दुकानदाराला गावातल्या व आसपासच्या खेड्यांतल्या गिऱ्हाइकाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. या गिऱ्हाइकाच्या दारात आता ट्रॅक्टर आणि मोटारसायकलीबरोबर जुनी मोटारही उभी असते.

लाखनी तालुक्यातल्याच गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. १९८० च्या दशकापासून तेथे जड वाहनांचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स तयार होतात. म्हणजे गिअर ही वस्तू या परिसराला परकी नाही. या भागातला जाणता मिस्त्री ट्रकचा गिअरबॉक्स उतरवून, बेअरिंग व रिंग बदलून संध्याकाळपर्यंत परत चढवतो. परंतु याच मिस्त्रीसमोर क्लचचे पॅडल नसलेली, पी-आर-एन-डी असे लिहिलेली जुनी मोटार येऊन उभी राहिली की तो घटकाभर थबकतो. हे थबकणे चांगलेच आहे, कारण घाईने पाने-पक्कड हाती घेणाराच येथे फसतो.

ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडे पूर्वीही होत्या. १९९० च्या दशकात मारुतीच्या झेन आणि एस्टीम गाड्यांच्या तीन गतींच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या निघाल्या होत्या, पण त्या मोठ्या शहरांतल्या हौशी मंडळींपुरत्याच राहिल्या. खरा बदल २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली तेव्हा झाला. साध्याच गिअरबॉक्सवर यंत्राने क्लच दाबण्याची व गिअर बदलण्याची सोय तिच्यात होती आणि किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात होती. त्यानंतर अल्टो, वॅगन-आर, नॅनो अशा लहान गाड्यांतही ही सोय मिळू लागली. त्या पहिल्या गाड्यांना आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला असून त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आल्या आहेत. त्यातच दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले आणि तिकडच्या चांगल्या दिसणाऱ्या जुन्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत जाऊ लागल्या. मोठ्या शहरातला माणूस जी गाडी काढून टाकतो ती अशा रीतीने तालुक्याच्या गावी येते.

ती घेणारा कोण असतो? गुडघे दुखणारा वयस्क व्यापारी, मुलांना शाळेत सोडणारी गृहिणी किंवा डाव्या पायाने अधू असलेला दुकानदार. या शेवटच्या गिऱ्हाइकासाठी ऑटोमॅटिक गाडी म्हणजे हौस नाही, तिच्यावाचून त्याचा बाजार बंद पडतो. अशा माणसाची गाडी बिघडली आणि गॅरेजमध्ये ती अधिकच बिघडली, तर गिऱ्हाईक म्हणते, "भाईजान, चालती गाडी दिली होती," आणि मिस्त्री म्हणतो, "आणली तेव्हाच ती खराब होती." दोघेही खरेच बोलत असतात आणि तंटा मिटत नाही. लहान गावात धंदा नावावर चालतो. एका गाडीच्या भांडणाने दहा गिऱ्हाइके तुटतात.

चार जातींची यंत्रे

म्हणून पहिली गोष्ट ही की "ऑटोमॅटिक" या एका शब्दाखाली किमान चार निरनिराळी यंत्रे येतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

पहिली जात टॉर्क कन्व्हर्टरची. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी तेलाने भरलेला एक मोठा गोळा असतो. एका पंख्याने फेकलेले तेल दुसऱ्या पंख्याला फिरवते. हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचे पेटंट घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर प्रथम आणला तो अमेरिकेच्या जनरल मोटर्सने, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत. आपल्याकडची ह्युंदाई आय-टेनची चार गतींची ऑटोमॅटिक आणि २००८ नंतरच्या होंडा सिटीची पाच गतींची ऑटोमॅटिक या जातीच्या. होंडाची रचना मात्र इतरांपेक्षा वेगळी. तिच्यात ग्रहमालेसारखे गिअर नसून साध्या गिअरबॉक्सप्रमाणे समांतर शाफ्ट असतात आणि प्रत्येक गतीसाठी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असतो.

दुसरी जात सीव्हीटी. हिच्यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामधला पोलादी पट्टा असतो. पुली उघडते-मिटते आणि गती बदलते. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये अशी गाडी बाजारात आणली, तेव्हा तिला रबरी पट्टे होते. २००३ नंतरच्या होंडा सिटीच्या पिढीत आणि पुढे २०१४ च्या सिटीतही सीव्हीटी मिळत असे. जुन्या सिटीत टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, तेलात बुडालेला एक स्टार्ट क्लच होता. गाडी सुटताना थरथरली की संशय आधी या क्लचवर आणि त्याच्या तेलावर घ्यावा, पट्ट्यावर नव्हे.

तिसरी जात म्हणजे सेलेरिओची, जिला एएमटी किंवा मारुतीच्या भाषेत एजीएस म्हणतात. आत आपला ओळखीचा साधा गिअरबॉक्स, ओळखीची क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट. फक्त पाय आणि हात यांचे काम तेलाच्या दाबावर चालणारे एक यंत्र करते. या जातीचे निम्मे काम आपल्या मिस्त्रीला आजच येते असे म्हणणे वावगे ठरणार नाही. उरलेले निम्मे स्कॅनरचे आहे आणि त्याविषयी पुढे येईल.

चौथी जात दोन क्लचची. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत ती आढळते. सात गतींच्या, कोरड्या क्लचच्या या गिअरबॉक्समधले तेल बदलून देण्यासाठी फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. कंपनीलाच जेथे एवढी कसरत करावी लागली, तेथे विशेष हत्यारांवाचून आपण हात घालू नये. ही गाडी सरळ नागपूरला पाठवावी. नागपूर लाखनीहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे, फार दूर नाही.

दोष गिअरबॉक्सचाच आहे काय?

गिऱ्हाईक येते ते "गिअरबॉक्स गेला" असे म्हणतच. अनेकदा तो गेलेला नसतो.

गाडी सुरू होते पण दांडा पी मधून हलतच नाही, अशी तक्रार आली तर आधी मागे जाऊन ब्रेकचा दिवा लागतो का ते पाहावे. ब्रेक दाबल्याची खूण संगणकाला मिळाल्याशिवाय दांडा सुटत नाही, आणि ती खूण ब्रेक-दिव्याच्या स्विचमधून जाते. स्विच खराब किंवा फ्यूज उडालेला असेल तर काही रुपयांत काम होते. वाटेत अडकलेल्या माणसासाठी बऱ्याच गाड्यांत दांड्याजवळ एक लहान झाकण असते. त्याखालच्या खाचेत किल्ली किंवा पेचकस दाबून दांडा सोडवता येतो.

डी किंवा आर मध्ये टाकताच धाडकन आवाज येत असेल तर इंजिनची माउंटिंग पाहावी. रबर फाटलेले असले की इंजिनच उडी मारते. थ्रॉटल बॉडी घाण झाल्यामुळे किंवा हवा गळत असल्यामुळे इंजिन उभ्या गाडीत जास्त फिरत असेल, तरी असाच झटका बसतो. चढावर पिकअप नाही, गाडी थरथरते, या तक्रारीत जुना स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉईलही दोषी असू शकते. वळताना कटकट होत असेल तर तो ॲक्सलचा जॉईंट. बॅटरी उतरलेली असेल तर एएमटीची गाडी गिअर घेण्यास नकार देते आणि काट्यावर विचित्र खुणा दिसतात. तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज, अर्थिंगची तार, फ्यूज आणि दिवे एवढे पाहिल्याशिवाय गाडी जॅकवर चढवू नये. या तपासणीला अर्धा तास लागतो. त्याचेही पैसे घ्यावेत, संकोच करू नये. डॉक्टर नाडी पाहण्याचे पैसे घेतोच.

तेल पाहणे ही अर्धी विद्या

यानंतर तेल. या तेलाला केवळ वंगण समजू नये. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये शक्ती तेलातूनच जाते, क्लच तेलाच्या दाबावरच आवळतात, आणि गिअर थंड ठेवण्याचे कामही तेलच करते. साध्या गिअरबॉक्सचे जाड तेल किंवा इंजिनचे ऑईल यात ओतले की काम बिघडलेच म्हणून समजा. शिवाय एका कंपनीचे तेल दुसरीला चालेलच असे नाही. होंडाच्या जुन्या गाड्यांचे झेड-वन व त्यानंतरचे डीडब्ल्यू-वन, ह्युंदाईच्या जुन्या गाड्यांचे एसपी-थ्री, टोयोटाचे टी-फोर ही तेले घर्षणाच्या गुणांत वेगळी आहेत. सीव्हीटीचे तेल तर अगदीच निराळे. ते पट्टा घसरू देत नाही. डब्यावर "सर्व गाड्यांसाठी" असे छापलेले असले तरी गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले नावच प्रमाण मानावे, आणि डबा गिऱ्हाइकासमोर फोडावा.

पातळी पाहण्याची पद्धतही गाडीप्रमाणे बदलते. बहुतेक गाड्यांत गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम करावी, सपाट जागी उभी करावी, ब्रेक दाबून दांडा सर्व स्थानांतून क्षणभर थांबवत फिरवावा, पुन्हा पी मध्ये आणावा आणि इंजिन चालू ठेवूनच कांडी काढून पाहावी. होंडात मात्र गरम गाडीचे इंजिन बंद करून साधारण एक ते दीड मिनिटाच्या आत पाहावे लागते. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की पातळी चुकते आणि मिस्त्री जास्त तेल ओतून बसतो. जास्त तेलही वाईट. फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, फेसाला दाब नसतो, आणि गाडी कमी तेलाच्या गाडीसारखीच घसरू लागते. काही गाड्यांना कांडीच नसते. तेथे खालच्या बुचातून ठरावीक तापमानाला पातळी बघतात. पुस्तिकेवाचून त्यांना हात लावू नये.

कांडीवरचे तेल पांढऱ्या कागदावर टिपून घ्यावे. लाल किंवा स्वच्छ तपकिरी असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास येत असेल तर आतल्या क्लच प्लेट जळू लागल्या आहेत. गुलाबी, दुधासारखे दिसले तर रेडिएटरमधले पाणी तेलात शिरले आहे. बऱ्याच गाड्यांत हे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातूनच जाते, ती आतून फुटली की दोन्ही एक होतात. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये. पाण्याने क्लच प्लेटचा कागदी थर सुटतो. रेडिएटर वेळेवर बदलला तर गिअरबॉक्स वाचण्याची आशा असते.

चेंबर खोलले तर तळाचे लोहचुंबक पाहावे. करड्या रंगाचा मऊ लेप असणे नित्याचे आहे. बोटाला टोचणारे कण किंवा धातूच्या पापड्या दिसल्या तर केवळ तेल बदलून भागणार नाही हे गिऱ्हाइकाला तेथेच, चेंबर दाखवून सांगावे.

जुन्या गाडीचे तेल बदलावे की नाही, यावर कारागिरांत दोन तट आहेत. "जुने तेल काढले आणि दुसऱ्या दिवशी गाडी बसली" असे अनेकजण सांगतात. त्यात तथ्य एवढेच की ज्या गाडीचे क्लच आधीच संपलेले असतात तिचा मालकच तेल बदलायला धावतो, आणि दोष नव्या तेलावर येतो. आमचे मत असे की यंत्राच्या दाबाने सगळे तेल एकदम धुऊन काढण्यापेक्षा खालच्या बुचातून जेवढे निघेल तेवढे काढावे आणि मोजून तेवढेच भरावे. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे तेलच निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा दोनदा असेच करावे. वेळ लागतो, पण यंत्राला धक्का बसत नाही. आणि तेल जळके असेल, गाडी घसरत असेल, तर आधी गिऱ्हाइकाला सांगावे की हा शेवटचा उपाय आहे, हमी नाही.

लक्षणे आणि स्कॅनर

डी मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी ओढ घेते, इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, एक गती सोडून दुसरी पकडताना मध्येच इंजिन मोकळे फिरते, ही घसरण्याची लक्षणे. तेल कमी, गाळणी तुंबलेली, सोलेनॉइड अडकलेले किंवा क्लच झिजलेले, या क्रमाने पाहत जावे. स्वस्त कारण आधी, महाग शेवटी. सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडणारी तेलाची झडप. कित्येक गाड्यांत ते गिअरबॉक्स न उतरवता बदलता येते.

गाडी एकाच गतीत, बहुधा तिसऱ्या, अडकून बसली आणि सुटताना म्हातारी झाल्यासारखी उठली तर समजावे की संगणकाने स्वतःच्या रक्षणासाठी तसे केले आहे. होंडात अशा वेळी डी चा दिवा लुकलुकतो. येथे स्कॅनर लागतोच. मोबाईलला जोडायचे स्वस्त यंत्र बहुधा इंजिनचेच दोष वाचते. त्यावर पी ०७०० हा आकडा दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काही तक्रार आहे. ती तक्रार वाचणारा स्कॅनर वेगळा आणि महाग असतो.

एएमटीत क्लच प्लेट बदलणे आपल्या हातचे काम आहे, पण बदलल्यानंतर नवीन क्लच कोठे पकडतो हे संगणकाला स्कॅनरने शिकवावे लागते. ते न शिकवता गाडी दिली की ती झटके देते आणि नवी प्लेट लवकर जळते. दार उघडताच गुरगुर असा आवाज येतो तो पंप दाब भरत असतो, ते नैसर्गिक आहे. उभ्या गाडीत तोच आवाज पुन:पुन्हा येत असेल तर दाब टिकत नाही. यंत्राच्या लहान टाकीतले तेल आणि सांध्यांची गळती पाहावी. मालकालाही एक गोष्ट सांगावी. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलेटरवर गाडी रोखून धरण्याची सवय या जातीत क्लच जाळते.

कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ आलीच तर बसवताना एक सावधगिरी जीवनमरणाची आहे. कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सच्या पंपात फिरवत फिरवत पूर्ण आत बसला पाहिजे. तो अर्धवट असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनला ओढला तर पंप फुटतो आणि केलेले सारे काम मातीत जाते. इंजिन आणि गिअरबॉक्स हाताने एकमेकांना टेकले पाहिजेत. बोल्टच्या जोरावर टेकवावे लागत असतील तर थांबावे. आणि जुन्या गिअरबॉक्सचा भुगा तेल थंड करणाऱ्या नळीत शिल्लक असतो. ती धुतली नाही तर नवा गिअरबॉक्स त्याच भुग्याने मरतो.

ऊन आणि टोचन

विदर्भातल्या उन्हाळ्याने या गाड्यांचा कस लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेलाचा मोठा शत्रू उष्णता आहे. तेल ठरावीक मर्यादेपेक्षा जसजसे तापते तसतसे त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. रेडिएटरची जाळी धानाच्या तुसाने आणि धुळीने भरलेली असेल तर ती धुणे, पंखा दोन्ही वेगांत फिरतो का ते पाहणे, ही कामे फेब्रुवारी-मार्चमध्येच करून घ्यावीत. हे दोनशे-तीनशे रुपयांचे काम गिऱ्हाइकाचा मोठा खर्च वाचवते आणि आपल्या गॅरेजला हंगामी धंदा देते.

टोचनचे तर विचारूच नका. बिघडलेली गाडी दोर बांधून ओढत आणणे ही आपल्याकडची सर्रास रीत. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना ती मारक आहे. गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरत राहिली की आतले भाग तेलावाचून घासतात. साकोलीहून लाखनीपर्यंत ओढून आणलेली गाडी किरकोळ दोषाची असली तरी गॅरेजला पोहोचेपर्यंत मोठ्या दोषाची होऊ शकते. पुढची चाके उचलून घ्यावी किंवा सपाट गाडीवर चढवून आणावी. धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्नही व्यर्थ, ती तशी सुरू होतच नाही.

हिशेब

पंधरा वर्षांच्या गाडीचा गिअरबॉक्स नव्याने बांधण्याचा खर्च कधीकधी गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जातो. तेव्हा गिऱ्हाइकासमोर तीन वाटा ठेवाव्यात : किरकोळ दुरुस्ती, मुंबईच्या कुर्ल्यासारख्या किंवा दिल्लीच्या मायापुरीसारख्या बाजारातून जुना गिअरबॉक्स, किंवा गाडी आहे तशी विकणे. जुना गिअरबॉक्स घेताना त्याचा क्रमांक जुळला पाहिजे, कागद घेतला पाहिजे आणि माल चोरीच्या गाडीचा नाही याची खात्री केली पाहिजे. दिसायला सारखा असलेला गिअरबॉक्स आतून वेगळ्या गुणोत्तराचा निघाला की संगणक तो स्वीकारत नाही. यात हेही धरावे की पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि २०२२ मध्ये त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले होते. ज्या गाडीची नोंदणी सहा महिन्यांत संपते तिच्यात मोठी रक्कम घालण्यापूर्वी मालकाने दोनदा विचार करावा, आणि तो करण्यास त्याला मिस्त्रीनेच सांगावे.

जुनी ऑटोमॅटिक विकत घेणाऱ्यासाठी एवढेच. गाडी थंड असताना पाहायला जावे. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर संशय घ्यावा. थंड गाडी डी मध्ये किती वेळात ओढते, अर्धा तास चालवल्यावर आर मध्ये झटका देते काय, कांडीवरचे तेल कसे आहे, आणि तेल कधी बदलले याची पावती आहे काय, हे पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. बरोबर आपला मिस्त्री न्यावा आणि त्याच्या दिवसाची मजुरी द्यावी.

गॅरेजवाल्यांनी एक साधी वही ठेवावी. गाडी आली तेव्हा किती किलोमीटर, तेलाचा रंग, काट्यावर कोणते दिवे, गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, आणि खाली सही. तेल टिपलेला कागदही त्याच पानाला टाचून ठेवता येतो. आणि चांगला स्कॅनर एकट्याला परवडत नसेल तर लाखनी-साकोली रस्त्यावरच्या चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून तो घ्यावा, एका जाणत्या शागिर्दाला तो चालवायला शिकवावे आणि दर तपासणीचा भाव आधीच ठरवून लिहून ठेवावा. आज जी गाडी नुसता दोष वाचून घेण्यासाठी नागपूरला जाते, तिचे ते काम मग याच रस्त्यावर होईल.